शिस्तबद्ध संघ

निडीच्या साईराजचा गुडघा मी मोडला. खेळताना मोडला, असं आमच्या गावात सांगतात. पोलिसांनाही तसंच सांगितलं गेलं आणि त्यांनी तसंच लिहून घेतलं. पण खेळ तेव्हा संपला होता. शिट्टी झाली होती आणि मी ती ऐकली होती. म्हणून आता मीच सांगतो, दुसरं कोणी धड सांगत नाही.

मी हिरामण, पेण तालुक्यातल्या तांबडखारचा. आमचं गाव खाडीच्या काठाला, भरतीचं पाणी बांधाला लागतं इतकं जवळ. मिठागरं बंद पडली तेव्हापासून मी वडखळच्या बाजूला एका कंपनीत लोडिंगला जातो. पण कोणी विचारलं तर मी ते सांगत नाही. मी सांगतो, मी डावा कोपरा. कबड्डीत चढाई करणारा आत आला की खाली झेपावून त्याचा घोटा धरायचा, हे माझं काम. अठरा वर्षं केलं. दोन बोटं वाकडी झालीत, एक दात अर्धा आहे, आणि उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो.

हिवाळ्यात आमच्या भागात कबड्डीशिवाय एक रविवार जात नाही. प्रत्येक स्पर्धेत पहिल्या चार संघांना कप. बाकीच्यांनी टेम्पोत बसून घरी जायचं. पण त्यातल्या एका संघाला रिकाम्या हाताने जावं लागत नाही. त्याला ‘शिस्तबद्ध संघ’ म्हणून एक छोटी ट्रॉफी मिळते. हरले, पण भांडले नाहीत, पंचाला उलट बोलले नाहीत, म्हणून. तोंडाला पानं पुसण्याचा हा आमच्याकडचा रिवाज आहे, आणि बारा वर्षं ती पानं आमच्याच तोंडाला पुसली जात होती.

संघाचा कप्तान मीच, म्हणून आमच्या घरात माळ्याखालच्या फळीवर अशा चौदा ट्रॉफ्या उभ्या होत्या. माझी बायको निशिगंधा एकीत उदबत्त्या खोचायची. पाहुणा आला आणि त्याने कौतुकाने फळीकडे बघितलं, की ती चहा देता देता म्हणायची, “जिंकलेली एक पन नाय. समद्या गुनी बालाच्या हायत.” मी हसायचो. आतून पेटायचो.

ही शिस्त बाबाजी नानांची. संघ त्यांनीच उभा केला. आज सत्तरीचे आहेत, पण तरुणपणी भलतेच तापट होते. एका सामन्यात त्यांनी पंचाचे दोन दात पाडले आणि गावावर पाच वर्षं बंदी आली. त्या पाच वर्षांत गावातली चांगली चांगली पोरं न खेळताच लग्न करून मोकळी झाली. तेव्हापासून नानांचा नियम एकच. जो हात उचलेल तो संघातून गेला. सामना हरला तरी पंचाच्या पाया पडूनच मैदानाबाहेर यायचं. नानांना त्या ट्रॉफ्यांचा मोठा अभिमान. मला त्यांची लाज. दोघांनी एकाच टेम्पोत बसून ती एकच ट्रॉफी घरी आणायची, त्यांनी अभिमानाने आणि मी तोंड लपवून.

यंदा मी ठरवलं होतं की हे शेवटचं वर्ष. पेणच्या डॉक्टरने गुडघा दाबून बघितला आणि म्हणाला, आता बस करा. मी म्हटलं, एक कप आणतो आणि बस करतो. चौथ्या नंबरचा चालेल. एवढासा असला तरी चालेल. पण कोणाला तरी पाडून आणलेला हवा. निशिगंधाला तसं सांगितलं तर ती हसली नाही. तिने फळीवरच्या दोन ट्रॉफ्या सरकवल्या आणि मध्ये जागा केली. ती रिकामी जागा बघून मला एकदम रडू यायला लागलं, म्हणून मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

जानेवारीत निडीला स्पर्धा होती. सोळा संघ, एका दिवसात सगळं उरकायचं, म्हणून सकाळी आठपासून सामने. आम्ही पहाटे टेम्पोने निघालो. पहिला सामना आम्ही जिंकलो. जिंकलो म्हणजे चक्क जिंकलो, नऊ गुणांनी. माझा पुतण्या नितेश त्या दिवशी वेगळाच पळत होता. आता एक सामना राहिला होता. तो मारला की आम्ही पहिल्या चारांत, आणि कप नक्की. समोर निडीचाच संघ होता, घरचं मैदान, आणि त्यांच्याकडे साईराज.

साईराज चोवीस वर्षांचा. रोह्यापासून पेणपर्यंत असा चढाईपटू नव्हता. आत यायचा तो हसत यायचा. पायाला हात लावू द्यायचा आणि हात मिटायच्या आत पाय काढून न्यायचा. जिल्ह्याच्या संघात त्याचं नाव जाणार असं सगळे बोलत होते. त्याच्या विरुद्ध मी आजवर तीनदा खेळलो होतो आणि एकदाही त्याला धरला नव्हता.

सामन्याला अर्धा तास होता. नितेशच्या ढोपराला खरचटलं होतं म्हणून मी बर्फ मागायला स्टेजवर गेलो. टेबलावर लाल कापड घालून बक्षिसं मांडली होती. चार मोठे कप, त्यांच्या पट्ट्या कोऱ्या. बाजूला छोट्या ट्रॉफ्या. त्यातल्या एकीच्या पट्टीवर नाव कोरलेलं होतं. मी वाकून वाचलं.

शिस्तबद्ध संघ. गावदेवी क्रीडा मंडळ, तांबडखार.

स्पर्धा भरवणारे प्रविणशेठ तिथेच खुर्चीत बसून लाडू खात होते. मी विचारलं, “शेठ, ही काय भानगड हाय? आमी अजून खेलतोय.”

त्यांनी बघितलं, जीभ चावली आणि हसले. “अरे हिरामण, दुकानवाल्याकडं घाई होती. बाकीचे कप उद्या कोरून देनार. तुमचं तर दरवर्षीचंच हाय ना, म्हनून म्हटलं एक काम तरी उरकून टाकू.”

“आनि आमी जिंकलो तर?”

“तर काय, दुसरी पट्टी चिकटवू.” असं म्हणून त्यांनी मला लाडू पुढे केला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं, हेच मला सहन झालं नाही. आम्ही हरणार, आणि गुमान हरणार, हे त्यांनी आठ दिवस आधी पेणच्या दुकानात जाऊन सांगून ठेवलं होतं.

मी परत आलो आणि पोरांना सांगितलं. नाना म्हणाले, “मंग चांगलंच हाय. जिंका, म्हंजे त्याला पट्टी खरवडायला लागंल.”

“नाना, नुसतं जिंकून भागनार नाय,” मी म्हटलं. “ती ट्रॉफी परत कदी कोनी आपल्याला द्यायची हिंमतच करता कामा नये.”

नाना माझ्याकडे बघत राहिले. “हिरामण, काय करनार हायस तू?”

माझ्या डोक्यात जे शिजत होतं ते वेड्यासारखं होतं, पण त्या वेळी मला ते अगदी सरळ वाटत होतं. जिंकायचं, आणि शिस्त मोडून जिंकायचं.

सामना सुरू झाला. त्यांचा पहिला चढाईपटू आत आला तेव्हा मी घोटा धरला नाही. मी कोपर वर काढून त्याच्या तोंडावर गेलो. नाक फुटलं. रक्त मातीवर पडलं आणि मातीने ते लगेच पिऊन टाकलं. पंचाने शिट्टी मारली, मला ताकिदीचं हिरवं कार्ड दाखवलं. अठरा वर्षांतलं माझं पहिलं कार्ड. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

त्यानंतर कोणीच कोणाला सोडलं नाही. त्यांनी नितेशला मध्यरेषेपाशी धरलं आणि तिघं त्याच्या छातीवर बसले. उठला तेव्हा त्याच्या ओठाची खालची कड फाटून लोंबत होती. तो थुंकला आणि पुढच्या चढाईला दोघांना बाद करून आला. आमच्या उजव्या कोपऱ्याच्या कानाला कोणीतरी चावलं. मी एकाच्या पोटात ढोपर घातलं, पंच पाठमोरा होता. मध्यंतराला आम्ही दोन गुणांनी मागे होतो. नाना पाण्याची बाटली घेऊन आले आणि त्यांनी ती माझ्या हातात दिली नाही, पायाशी ठेवली.

“हे आपलं खेलनं न्हवं,” ते म्हणाले.

“आपल्या खेलन्याने काय दिलं, नाना? उदबत्तीची घरं?”

त्यांचा चेहरा पडला. मी बोललो आणि लगेच मला वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यायला वेळ नव्हता. शिट्टी झाली होती.

आणि या सगळ्यात माइकवरचा तो समालोचक. त्याला कोणीतरी कागद लिहून दिला होता, आणि कागदावर आमच्या नावापुढे जे होतं ते तो प्रत्येक वेळी वाचत होता. “तांबडखारचा शिस्तबद्ध संघ आता बचावासाठी सज्ज.” “शिस्तबद्ध तांबडखारचा नितेश चढाईला.” नितेशच्या हनुवटीवरून रक्त गळतंय आणि हा म्हणतोय शिस्तबद्ध. निडीची माणसं हसायला लागली. प्रत्येक वेळी हसू वाढत गेलं.

शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आमचे सत्तावीस, त्यांचे सव्वीस. साईराज चढाईला आला. ही शेवटची चढाई, हे त्यालाही माहीत होतं. आमच्याकडे चार जण मैदानात. त्याने एकाला हात लावला असता तर बरोबरी, दोघांना लावला असता तर आम्ही घरी.

इथे मला थांबून सांगायचं आहे, कारण ही पकड मी आयुष्यात एकदाच केली. तो हसत आला. माझ्या समोर आला, डावा पाय पुढे टाकला, माझ्या हाताला बोलावलं. दर वेळी मी त्या पायावर जायचो. या वेळी मी गेलो नाही. मी त्याच्या दुसऱ्या पायाकडे बघत राहिलो, ज्यावर त्याचा भार होता. तो क्षणभर अडला. माझ्या अंगाला त्याची बोटं लागायच्या आत मी आडवा झालो आणि त्याचा मागचा घोटा माझ्या दोन्ही हातांत आला. पूर्ण आला. तो ताकदीने ओढत होता, मध्यरेषा हातभर लांब होती, माझी छाती मातीवर फरफटत होती, पण घोटा सुटला नाही. वरून नितेश आणि दुसरे दोघं पडले. त्याचा दम तुटला. तो “कबड्डी” म्हणायचा थांबला, ते मी ऐकलं.

मग शिट्टी झाली. साईराज बाद. वेळ संपली. अठ्ठावीस-सव्वीस.

पोरं उठली, नाचायला लागली. मी जिंकलो होतो. अठरा वर्षांनी, सगळ्यात चांगल्या माणसाला, स्वच्छ पकडीने. मला फक्त हात सोडायचे होते.

तेवढ्यात माइक बोलला. “आणि अखेर शिस्तबद्ध संघ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या…”

मी हात सोडले नाहीत. साईराज पालथा होता, सैल पडला होता, खेळ संपलेल्या माणसासारखा. मी त्याचा पाय उचलला, गुडघ्याच्या मागे माझं ढोपर टेकवलं आणि सगळं वजन टाकून पिळला. ओला बांबू मोडावा तसा आवाज झाला. साईराज आधी ओरडलाच नाही. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि मग ओरडला.

पुढचं सगळं एकदम झालं. दोरी तोडून माणसं आत शिरली. पहिली लाथ माझ्या कानावर बसली आणि त्या कानाने मला अजून कमी ऐकू येतं. खुर्च्या उडाल्या. मंडपाचे बांबू उपसून माणसं मारायला लागली. नितेशला चौघांनी धरलं आणि त्याच्या बरगड्यांवर बुटांनी मारलं. मीही मारत होतो, समोर येईल त्याला, कोण आहे ते न बघता. एका माणसाचा दात माझ्या मुठीत रुतला.

मला वाचवायला नाना मध्ये आले. हात जोडून आले. “चूक आमची हाय, आमची हाय,” असं म्हणत माणसांच्या पाया पडत ते माझ्यापर्यंत पोचले, आणि माझ्यासाठी उचललेला बांबू त्यांच्या डोक्यात बसला. ते खाली बसले. पांढऱ्या केसांतून रक्त धारेने खाली आलं आणि डोळ्यांत गेलं, तरी त्यांचे हात जोडलेलेच होते. ते बघून निडीच्याच एका म्हाताऱ्याने आरडाओरडा करून मारामारी थांबवली. नंतर पोलीस आले.

नानांना अकरा टाके पडले. नितेशच्या दोन बरगड्या गेल्या. साईराजला रोह्याला नेलं, तिथून पुढे मुंबईला. स्पर्धा तिथेच बंद झाली.

पंधरा दिवसांनी प्रविणशेठचा माणूस मोटरसायकलवर एक कप घेऊन आमच्या घरी आला. मोठा कप होता, सोनेरी. पट्टीवर लिहिलं होतं: विजेता संघ. माझा विश्वास बसेना.

“आमी विजेते?”

“समदे विजेते,” तो म्हणाला. “शेठ बोलला, परत भांडन नको. राहिले होते त्या आठी संघांना सारखेच कप. निडीवाल्यांना पन दिला.” आणि मग तो जरा लाजत म्हणाला, “सही करा कागदावर. तक्रार नाय म्हनून.”

निशिगंधाने तो कप हातात घेतला, उलटा केला, सरळ केला. फळीवर मधली जागा रिकामी होती. तिने तो तिथे ठेवला नाही. तिने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “आधी त्या पोराच्या घरी जाऊन या. मंग काय करायचं त्ये करा.”

मी नानांकडे गेलो. ते खाटेवर पडले होते, डोक्याला पट्टी. कप बघून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. माझ्याशी ते त्या दिवशी बोलले नाहीत, आजही बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट बुडवून मी पेणहून रोह्याची गाडी धरली आणि निडीला उतरलो. कप पिशवीत होता. का नेला ते मला सांगता येणार नाही. वाटलं असेल, त्याच्या पुढ्यात ठेवावा आणि म्हणावं, हा तुझा. स्टेशनपासून चालत जाताना वाटत होतं, कोणीतरी ओळखावं आणि मारावं. कोणी ओळखलं नाही.

दार साईराजच्या आईने उघडलं. हौसा तिचं नाव, ते मी पोलीस चौकीत ऐकलं होतं. तिने मला ओळखलं. दाराची कडी हातात धरून ती उभी राहिली. मग म्हणाली, “तो आत हाय. तुला शिव्या द्यायच्या त्या मी रोज देते. त्याच्या तोंडून पन ऐकून घे.” आणि बाजूला झाली.

साईराज खाटेवर होता. मांडीपासून खालपर्यंत प्लास्टर, दोन्ही बाजूंनी लोखंडी सळया. कोपऱ्यात माझ्या पिशवीतल्यासारखाच कप पडलेला होता, खोक्यातून काढलेलाही नव्हता. मी खाली जमिनीवर बसलो. काय बोलायचं ते ट्रेनमध्ये घोकून आलो होतो, त्यातलं एक वाक्य आठवेना.

“डॉक्टर काय बोलतो?” मी विचारलं.

“चालेन. खेलनं नाय.” तो छताकडे बघत बोलत होता. आवाज शांत होता. “जिल्ह्याच्या संघाची यादी लागली परवा. दुसऱ्याचं नाव हाय.”

मी मान खाली घातली.

“हिरामणदादा,” तो म्हणाला, “एक सांगा. तुमी त्या वक्ताला माज्या पुढच्या पायावर का नाय आलात?”

मला आधी कळलंच नाही तो काय विचारतोय. मग कळलं. “तुजा भार मागं होता,” मी म्हटलं. “तीनदा मी पुढच्या पायाला भुललो. त्या दिवशी मागं बघितलं.”

त्याने मान हलवली, सावकाश. हा प्रश्न तो पडल्या पडल्या किती दिवस सोडवत होता, ते त्याच्या तोंडावर दिसलं.

“मी पन तोच इचार करत व्हतो,” तो म्हणाला. “आजपर्यंत मला तशी पकड कोनी घातली नाय. ना रायगडात, ना भायेर. शिट्टीच्या आधीच मला कललं व्हतं मी गेलो म्हनून. मी तुमाला हात देनार व्हतो. उठलो की पयला हात तुमाला देनार व्हतो.”

हेच मला हवं होतं. अठरा वर्षं हेच हवं होतं, आणि ते ज्याच्या तोंडून हवं होतं तोच मला सांगत होता. मला ते घेता आलं नाही. माझे हात मांडीवर पडून होते आणि मी त्यांच्याकडे बघत होतो.

“मंग सोडला का नाय माजा पाय?” साईराजने विचारलं.

हौसा दारात उभी होती. तीही उत्तराची वाट बघत होती. मी तोंड उघडलं. माइकवरचा माणूस, कोरलेली पट्टी, प्रविणशेठचा लाडू, सगळं जिभेवर आलं आणि त्या सळयांकडे बघून परत घशात गेलं. मी कपाची पिशवी पाठीमागे सरकवली, आणि त्याने तो प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नाही.